थर्मोस्टॅट: पडद्यावरचा आकडा आणि खोलीतले तापमान

होम असिस्टंट, ओपनहॅब या घरातली उपकरणे चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रणालींमधली थर्मोस्टॅटची सोय थंड देशांतल्या हीटरपुरती आहे, असा समज असतो. पण ठरलेल्या तापमानाला यंत्र चालू-बंद करणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. तो गीझरमध्ये असतो, फ्रिजमध्ये असतो, आणि पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बारामती-इंदापूरच्या घरांत चालणाऱ्या स्प्लिट एसीतही असतो.

पडद्यावर ‘२४ अंश, चालू’ दिसले म्हणजे एसी तसाच चालू आहे, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. प्रणाली एसीला रिमोटसारखाच इन्फ्रारेड संदेश पाठवते, आणि तो एकतर्फी असतो. बहुतेक एसींच्या रिमोटचे कोणतेही बटण दाबले की मोड, तापमान, पंख्याचा वेग असे सगळेच एकदम जाते. एसीकडून उलट काहीच येत नाही. प्रणालीला ठाऊक असते ते फक्त तिने स्वतः काय पाठवले एवढेच. दुपारी आजीने उशाच्या रिमोटने २४ चे २७ केले, तरी पडद्यावर २४ च राहतात. वीज जाऊन आली की काही एसी आपोआप सुरू होतात, काही बंदच राहतात; पडद्याला दोन्ही सारखेच. सुधारणेची खरी गरज इथे आहे. रिमोटचा संदेश टिपणारा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि विजेचा वापर मोजणारा प्लग जोडला, तर एसी खरोखर काय करतो आहे हे प्रणालीला कळते.

२४ वर लावलेला एसी तापमान २४ च्या जराही वर गेले की सुरू व्हावा, ही अपेक्षाही चुकीची आहे. बंद झालेल्या कॉम्प्रेसरला साधारण ३ मिनिटे विश्रांती लागते. यंत्र सारखे चालू-बंद होऊ नये यासाठी होम असिस्टंटच्या जेनेरिक थर्मोस्टॅटमध्ये दोन्ही बाजूंना ०.३ अंशाची मोकळीक मुळातच ठेवलेली आहे.

ठरलेल्या तापमानाला चालू-बंद करण्याची हीच पद्धत पोल्ट्रीत पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरलाही लागू पडते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. सेन्सर छताजवळ टांगला तर आकडा बरोबर दिसतो आणि खाली पिल्ले गारठतात, कारण गरम हवा वर जाते. सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवरच हवा. पिल्ले ब्रूडरखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पांगली तर जास्त. ही खूण आकड्याइतकीच विश्वासाची.

इंटरनेट गेले की सगळे ठप्प होते, हे अर्धसत्य आहे. होम असिस्टंट घरातल्या छोट्या संगणकावरच चालते. मात्र उपकरण कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असेल तर मालकाच्या हाती फारसे उरत नाही: गूगलने पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा पाठिंबा २५ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि त्यांचे फोनवरून नियंत्रण बंद झाले.

या ओपन सोर्स प्रणालींना हातभार फक्त प्रोग्रामरच लावू शकतो, असेही नाही. प्रणालीला न ओळखता येणाऱ्या रिमोटचे एकेक बटण दाबून त्याचे संदेश नोंदवावे लागतात. २४ चे २५ करताना संदेशात नेमके काय बदलले, हे त्यावरूनच उलगडते. सोबत एसी आणि रिमोट या दोन्हींचा मॉडेल क्रमांक लागतो, कारण एकाच कंपनीच्या दोन एसींची संदेशपद्धत वेगळी असू शकते.