पावसाळ्यात दाराशी हवी खुंटी

पावसाळा सुरू झाला की मुंबई-ठाण्यातील दोन खोल्यांच्या घरांत रोज संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो. ओले रेनकोट, छत्र्या, मुलांची दप्तरे आणि कार्यालयाच्या बॅगा ठेवायच्या कुठे? जुन्या वाड्यांत भिंतीतच लाकडी खुंट्या असत. सिमेंटच्या भिंती आल्या, खुंटी गेली आणि तिचे काम खुर्चीच्या पाठीवर येऊन पडले. फर्निचरच्या दुकानांत मिळणारा उभा कोट-स्टँड ही उणीव भरून काढू शकतो. कोट घालण्याइतकी थंडी आपल्याकडे नसली, तरी अडकविण्याजोग्या वस्तूंची कमतरता नाही!

मात्र स्टँडची निवड करताना नक्षीपेक्षा पाया पाहावा. त्याचे सर्व आकडे वरच्या टोकाला असतात. एकाच बाजूला जड बॅग अडकविल्यास गुरुत्वमध्य पायाच्या कडेबाहेर सरकतो आणि स्टँड कोसळतो. घरात रांगते मूल असल्यास हा धोका किरकोळ मानता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. हा नियम पाळला, तरी ३० किलो वजनाच्या दोन मुलांची दप्तरे मिळून सहा किलो भरतात. साहजिकच दप्तरे व लॅपटॉपच्या बॅगा पायाशी, टोप्या-ओढण्या वर आणि उरलेला भार समोरासमोरच्या आकड्यांवर वाटून ठेवावा. स्टँड कोपऱ्यात ठेवून भिंतीला जखडल्यास अधिक उत्तम.

ओलाव्याचा विचारही आवश्यक आहे. किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत एकावर एक लटकविलेले कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या बॅगांवर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना तिचा त्रास होतो. त्यामुळे रेनकोट आधी न्हाणीघरात निथळू द्यावा, मगच स्टँडवर न्यावा. भुसा दाबून केलेल्या फळीचा पाया पाण्याने फुगतो. त्याऐवजी सागवानी किंवा रंग दिलेला लोखंडी स्टँड टिकतो.

जागा नाही म्हणून अनेकजण स्टँड दाराबाहेर जिन्यालगत ठेवतात. ते सर्वस्वी चुकीचे आहे. आगीच्या वेळी सुटकेची तीच वाट असते आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व रहिवाशांवर आहे.

घर अगदीच अरुंद असेल, तर दारामागच्या भिंतीवर आकड्यांची लाकडी पट्टी ठोकून घ्यावी. मुलांसाठी वेगळी पट्टी सुमारे तीन फुटांवर लावल्यास दप्तर त्यांचे त्यांनाच अडकविता येते.