लांबून, पण लवकर

घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा आणि हातभर दोरा घ्या. एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणा. तो घसरत घसरत वर सरकतो आणि थेट आर्क्टिक महासागरावरून, उत्तर ध्रुवापासून जेमतेम पंधरा अंशांवरून जातो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हा रस्ता कधीच सापडत नाही. पण गोल पृथ्वीवर तोच सर्वांत जवळचा: सुमारे 12,400 किलोमीटर.

मग 2016 च्या ऑक्टोबरात एअर इंडियाचे विमान 15,300 किलोमीटर उडत तिथे का गेले? त्याआधी ते अटलांटिकवरून जायचे, सुमारे 13,900 किलोमीटर. आता पूर्वेकडे तोंड करून पॅसिफिकवरून निघाले. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी साडेचौदा तासांत मुक्कामी. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

ही सगळी वाऱ्याची किमया. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहते, तिला जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधातली तापलेली हवा ध्रुवाकडे सरकू पाहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. हिवाळ्यात दोन्हीकडच्या तापमानातला फरक वाढतो, तसा तिचा जोरही वाढतो. 1920 च्या दशकात जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्यांनी एस्परांतो भाषेत छापला. बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

नव्या मार्गाच्या वेळी मांडलेला हिशेब अगदी सोपा होता. विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरा. अटलांटिकच्या वाटेवर समोरून 24 किलोमीटरचा वारा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने उरले 776. पॅसिफिकवर पाठीमागून 138 किलोमीटरचा वारा, म्हणजे झाले 938.

‘पृथ्वी खालून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेले विमान लवकर पोहोचायला नको का?’ असे अनेकजण विचारतात. शंका रास्त आहे. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते. म्हणून फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती आणि कुठे वाहते आहे याने.

घड्याळाची गंमत वेगळीच. तेव्हा दोन शहरांच्या वेळेत साडेबारा तासांचे अंतर होते, त्यामुळे पहाटे दिल्लीहून निघालेले प्रवासी साडेचौदा तास उडून त्याच तारखेच्या सकाळी उतरले. परतताना विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच आले. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

पुढच्या लांबच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर सिनेमा लावण्याआधी नकाशा उघडा. तिथे ‘टेलविंड’चा आकडा दिसला तर तो जरूर पाहा. तुम्हाला न्यायला येणाऱ्यांनी विमानतळावर किती वेळ ताटकळायचे, हे बरेचसे त्याच्यावर ठरते.