लाकडी धनुष्यावर ‘४५#@२८"’ असं का लिहिलेलं असतं? हा आकडा चुकला तर धनुष्य मोडूही शकतं!

हाताने धनुष्य बनवणाऱ्यांच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. लाकडाचा ओबडधोबड दांडा तासायचा, घासायचा, हळूहळू वाकवायचा आणि शेवटी चकचकीत पॉलिश. अगदी शेवटच्या काही सेकंदांत कारागीर बारीक पेन घेतो आणि मुठीजवळ काहीतरी खरडतो. बहुतेकांना वाटतं, सही केली असेल!

सही असतेच, पण तिच्या शेजारी एक कोड्यासारखी ओळ असते. उदाहरणार्थ, ४५#@२८". आज हीच ओळ समजून घेऊया. ती कुठे लिहायची, कशाने लिहायची आणि ती पुसली गेली किंवा चुकली तर काय होतं, हेही पाहूया.

आधी कोडं सोडवूया

यातलं # हे चिन्ह म्हणजे पौंड आणि " म्हणजे इंच. म्हणजे हे धनुष्य २८ इंच ओढलं की बोटांवर ४५ पौंडांचा, साधारण साडेवीस किलोंचा ताण येतो.

नुसतं ‘४५ पौंड’ लिहून भागत नाही, कारण धनुष्य जितकं जास्त ओढाल तितका ताण वाढतो. साधारण धनुष्यात शेवटच्या टप्प्यात दर इंचामागे दोन ते तीन पौंड वाढतात. त्यामुळे हेच धनुष्य २६ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात चाळिशीच्या आसपास भरेल. लांब हातांच्या माणसाने ते ३१ इंच ओढलं, तर आकडा पन्नाशीपार जाईल.

आणि इथेच खरा धोका आहे. कारखान्यात फायबरग्लास लावून बनवलेलं धनुष्य थोडंफार जास्त ओढलेलं सहन करतं. निव्वळ लाकडाचं धनुष्य मात्र ठरावीक अंतरापर्यंतच वाकायला ‘शिकवलेलं’ असतं. त्यापुढे ओढलं तर ते कायमचं वाकडं होतं, नाहीतर कडाडून तुटतं. तुटलेले तुकडे तेव्हा चेहऱ्यापासून फार लांब नसतात. म्हणून जाणकार कारागीर ‘यापेक्षा जास्त ओढू नये’ असा कमाल इंचाचा आकडाही लिहून ठेवतात.

मोजण्यातही एक गोम आहे. काही जण बाणाच्या खाचेपासून मुठीच्या सर्वात खोल भागापर्यंत मोजतात. अमेरिकेतल्या एएमओ या उत्पादक संघटनेच्या पद्धतीत त्या अंतरात पावणेदोन इंच आणखी मिळवतात. म्हणजे २८ इंच दोन प्रकारचे झाले! आपण कोणत्या पद्धतीने मोजलं, हे कारागिराने ठरवून ठेवावं आणि घेणाऱ्याने विचारून घ्यावं.

लिहायचं कुठे? पाठीवर नाही!

धनुष्यालाही पाठ आणि पोट असतं. नेम धरल्यावर लक्ष्याकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण स्वतः पायाचे अंगठे धरायला वाका, पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. धनुष्याचंही अगदी तसंच होतं.

पाठीवरचे लाकडाचे तंतू सगळा ताण सोसत असतात. तिथे चाकूने नाव कोरलं, खोल शिक्का ठोकला किंवा तापलेल्या सुईने अक्षरं जाळली, की तंतू तुटतात आणि भेग पडायला आयती जागा मिळते. एवढे दिवस खपून बनवलेलं धनुष्य स्वतःच्याच नावावर मोडलं, तर काय म्हणायचं?

म्हणून लिहायची जागा म्हणजे मुठीच्या लगतचा, न वाकणारा जाड भाग. तिथेही बाजूला किंवा पोटाकडून लिहावं. मुठीच्या वर-खाली जे दोन भाग वाकतात त्यांना धनुर्धर ‘लिंब’ म्हणतात (कडुलिंबाशी संबंध नाही!). लिंबांवर काही लिहायचंच असेल, तर फक्त शाईने, तेही हलक्या हाताने.

शाई का पसरते?

कोऱ्या लाकडावर साध्या मार्करने लिहून पाहा. अक्षरांना मिशा फुटतात! लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच असते आणि शाई त्या नळ्यांमधून धान्याच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने पळते. आपल्या देवनागरीत हे लगेच दिसतं. धनुष्याच्या लांबीला धरून लिहिलं तर शिरोरेषा तंतूंबरोबरच जाते, त्यामुळे ती फारशी बिघडत नाही. पण काना आणि उभ्या दांड्या तंतूंना आडव्या जातात आणि दोन्ही बाजूंना फुगतात. मग ‘न’चा ‘त’ झाला की कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे:

१. लाकूड बारीक सँडपेपरने गुळगुळीत करून धूळ पुसा.
२. पॉलिशचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. यामुळे नळ्यांची तोंडं बंद होतात.
३. पेन्सिलने हलकी रेघ मारून पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या शाईने बारीक निबाने लिहा.
४. शाई चांगली वाळू द्या. घाई केली की सगळं फुकट!
५. वरून पॉलिशचे पातळ हात द्या. पहिला हात ब्रशने घासण्यापेक्षा फवारलेला बरा.

एक चूक मात्र खूप जण करतात. स्पिरिटवर आधारित मार्करने लिहितात आणि वरून लाखेचं पॉलिश मारतात. लाखेचं पॉलिशही स्पिरिटमध्येच विरघळवलेलं असतं. ब्रश फिरला की अक्षरं त्याच्याबरोबर निघाली! म्हणून त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर सगळा क्रम एकदा करून पाहावा. तेलाचा हात दिलेल्या धनुष्यावर शाई नीट बसत नाही, तिथे तर ही चाचणी हवीच.

अक्षर खराब असेल तरी काळजी नाही. पातळ राइस पेपरवर लिहून किंवा छापून तो पॉलिशखाली चिकटवतात. पॉलिश मुरलं की कागद जवळजवळ दिसेनासा होतो आणि अक्षरं तेवढी उरतात.

काय काय लिहावं?

- ताण आणि तो किती इंचांवर मोजला
- कमाल किती ओढायचं
- धनुष्याची लांबी (यावरून नवी दोरी घेता येते)
- लाकडाचं नाव
- कारागिराचं नाव किंवा खूण, आणि वर्ष
- वरचा लिंब कोणता, याची खूण

शेवटची खूण किरकोळ वाटेल. पण अनेक लाकडी धनुष्यांचे दोन लिंब मुद्दाम थोडे वेगळे घडवलेले असतात. धनुष्य उलटं धरलं तर तो तोल बिघडतो.

आकडे देवनागरीत लिहायचे असतील तर जरूर लिहा, पण शेजारी इंग्रजीतही लिहा. आपला ४ मराठी न वाचणाऱ्याला इंग्रजी आठसारखा दिसतो. नावात असा घोटाळा झाला तर हसून सोडून देता येतं, ताणाच्या आकड्यात नाही.

आकडा कधी लिहायचा?

सगळ्यात शेवटी! नवं लाकडी धनुष्य सुरुवातीला वापरात थोडं ‘बसतं’ आणि काही पौंड ताण कमी होतो. त्यामुळे आधी भरपूर बाण मारून घ्यावेत आणि मग मोजावं. त्यासाठी प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. दोरीला हुक अडकवायचा, ठरलेल्या इंचापर्यंत ओढायचं, आकडा वाचायचा.

हवेचाही परिणाम होतो. ओलावा शोषलेलं लाकूड मऊ पडतं. कोकणातल्या जुलैत मोजलेलं धनुष्य विदर्भातल्या मे महिन्यात जास्त कडक लागेल, आणि फार सुकलं तर तुटण्याची भीतीही वाढेल. म्हणून नुसतं वर्ष लिहिण्यापेक्षा महिनाही लिहिणं शहाणपणाचं.

ही पद्धत आजची नाही

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. या जहाजातून १७२ लांब धनुष्यं मिळाली आणि त्यांतल्या अनेकांवर मधल्या भागाजवळ कारागिरांच्या छोट्या खुणा सापडल्या. ना नाव, ना आकडा, फक्त खूण. त्यामुळे त्यांचा ताण किती होता, हे संशोधकांना मोजमापांवरून आणि प्रतिकृती बनवून काढावं लागलं. अंदाज आला १०० ते १८५ पौंडांचा! तुर्कस्तानातल्या ओटोमन काळातल्या धनुष्यांवर मात्र कारागिराचं नाव आणि हिजरी वर्ष लिहिलेलं आढळतं. त्यामुळे ती कोणी आणि कधी केली, हे आज सांगता येतं.

आपल्याकडे भिल्ल समाजात बांबूची धनुष्यं पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. ज्याने बनवलं तोच किंवा त्याच्याच गावातला माणूस ते वापरणार असेल, तर लिहायची गरजच काय? कुणाचं धनुष्य किती कडक, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लेबल लागतं ते वस्तू अनोळखी हातात जाते तेव्हा.

म्हणूनच कुठे जुनं, काहीही न लिहिलेलं लाकडी धनुष्य मिळालं, तर ‘बघू तरी’ म्हणून पूर्ण ओढू नका. बाण न लावता दोरी तर कधीच सोडू नका. एरवी बाणाबरोबर जाणारा जोर मग लाकडातच परत जातो. आधी भेगा तपासा आणि जाणकाराला दाखवा. आणि स्वतः धनुष्य बनवत असाल, तर मुठीजवळ ती एक ओळ जरूर लिहा. उद्या ते कोणाच्या हातात जाईल, हे तुम्हालाही माहीत नाही.