दुसऱ्या रविवारचे ६.१० कोटी

९ जुलै २०२३ या एका रविवारी ‘बाईपण भारी देवा’ने ६.१० कोटी रुपये कमावले. मराठी चित्रपटासाठी तो एका दिवसाच्या कमाईचा विक्रम होता, आणि तो चित्रपट लागल्यापासूनच्या दहाव्या दिवशी झाला. पहिल्या शुक्रवार ते रविवारची कमाई होती ६.४५ कोटी. पहिल्या तीन दिवसांत जेवढे जमले, त्याच्या ९५ टक्के एकट्या दुसऱ्या रविवारी आले.

लोकांचे मत मोजायला समीक्षेतल्या ताऱ्यांपेक्षा हा आकडा बरा. तारे फुकट देता येतात, तिकिटाला खिशात हात घालावा लागतो.

पहिल्या आठवड्याचे १२.५० कोटी फोडून पाहिले की सोमवार ते गुरुवारचे ६.०५ कोटी निघतात, म्हणजे कामाच्या दिवशीही रोज सरासरी दीड कोटी. दहा दिवसांची एकूण कमाई २६.१९ कोटी. त्यातून पहिला आठवडा वजा केला की दुसऱ्या शुक्रवार ते रविवारचे १३.६९ कोटी उरतात, पहिल्या तीन दिवसांच्या दुपटीहून जास्त. जाहिरातीचा जोर पहिल्या शुक्रवारी असतो. दुसऱ्या आठवड्यातली वाढ ही चित्रपट पाहून आलेल्या बायकांनी भिशीत, सोसायटीत, माहेरी फोनवर केलेल्या शिफारशीची.

त्याआधीचा विक्रमही दुसऱ्याच रविवारचा. ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला लागला. पहिल्या तीन दिवसांत २.२५, ३.२५ आणि ४.५० असे १० कोटी आले, आणि पुढच्या चार कामाच्या दिवसांत १०.६७ कोटी. शनिवार-रविवार धरून जे जमले त्यापेक्षा सोमवार ते गुरुवारी जास्त, हे क्वचित घडते. दुसऱ्या रविवारी ५.७० कोटी, पहिल्या रविवारपेक्षा २७ टक्के अधिक. आणि पहिला रविवार तर १ जानेवारीचा होता.

मत उलटे गेले की आकडेही उलटे फिरतात. ‘आदिपुरुष’ने १८ जून २०२३ च्या रविवारी देशात सुमारे ६९ कोटी मिळवले, सोमवारी सुमारे १६ कोटी. एका रात्रीत ७७ टक्के घसरण. २०२५ मध्ये ‘छावा’ची पहिल्या दिवसाची निव्वळ कमाई सुमारे ३१ कोटी आणि अखेरची सुमारे ६०० कोटी, म्हणजे १९ पट. ‘सिकंदर’चे २६ कोटींचे अखेर ११० कोटींच्या आसपास झाले, ४ पटींहून थोडे अधिक. पहिल्या दिवशी दोघांत अंतर पाच कोटींचेच होते. (हे सारे आकडे निर्माते आणि चित्रपट-व्यापाराचे; त्यांत थोडे इकडेतिकडे धरून चालावे.)

आता नाशिकच्या द्वारका चौकातल्या चौघांच्या कुटुंबाचा हिशेब. सिटी सेंटर मॉलमधले मल्टिप्लेक्स इथून सुमारे पाच किलोमीटर, रिक्षाभाडे वेगळे. ऑरमॅक्स या माध्यम-सल्लागार संस्थेच्या अहवालानुसार देशातले सरासरी तिकीट २०२३ मध्ये १३० रुपये होते, २०२४ मध्ये १३४. चौघांचे ५२० चे ५३६ झाले, वाढ ३ टक्के. मल्टिप्लेक्सचा रविवारचा दर अर्थात या सरासरीच्या बराच वर. त्याच वर्षी विकलेली तिकिटे मात्र ९४.३ कोटींवरून ८८.३ कोटींवर आली, घट ६ टक्क्यांहून अधिक. सोळा रुपयांनी सहा कोटी तिकिटे कमी होत नाहीत.

पण दराचा संबंधच नाही म्हणावे, तर १३ ऑक्टोबर २०२३ आडवा येतो. राष्ट्रीय चित्रपट दिनी तिकीट ९९ रुपये होते आणि प्रेक्षक ६० लाखांवर गेले. त्या वर्षाची रोजची सरासरी २५.८ लाख, म्हणजे गर्दी २.३ पट. तिकीट स्वस्त असले की कोणी फारशी विचारपूस करत नाही. महाग असले की आधी शेजारी पाहून येतो, मग आपण ठरवतो.

या थांबण्यात मराठी चित्रपटाची अडचण आहे. पुढच्या आठवड्याचे शो देताना थिएटरवाले पहिल्या तीन-चार दिवसांचे आकडे पाहतात. द्वारकेतल्या घरात सोमवारी ‘चांगला आहे म्हणे’ झाले आणि पुढच्या रविवारचा बेत ठरला, तर तोवर सोयीच्या वेळेचा शो उरेलच असे नाही. सप्टेंबर २०२५ मधल्या ‘दशावतार’ला ही मुदत पुरली: शुक्रवारी सुमारे ५८ लाख, रविवारी सुमारे २.४ कोटी, ४८ तासांत चौपट. ‘बाईपण’ला पहिल्या तीन दिवसांची दुप्पट व्हायला पूर्ण आठवडा लागला होता, आणि तोवर त्याचे शो टिकले होते.