वाहिनी दिसते, पण तिच्यात रक्त वाहते का?

डोळ्याचे पारपटल (कॉर्निया) पारदर्शक राहते त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे तिथे रक्तवाहिन्याच नसतात. वाहिन्यांची वाढ घडवणारा व्हीईजीएफ हा रेणू तिथेही असतो. पण पारपटलातला एक विद्राव्य ग्राही त्याला धरून ठेवतो, हे २००६ मध्ये दाखवले गेले. नागिणीच्या विषाणूचा संसर्ग, रसायनाने भाजणे किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच्या अतिवापराने होणारी प्राणवायूची कमतरता यांमुळे हा तोल ढळतो आणि कडेकडून वाहिन्या आत शिरतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात त्या किती खोल गेल्या आणि वाढताहेत की ओसरताहेत, यावर उपचार ठरतात. पारपटल-रोपणात तर दोन किंवा अधिक चतुर्थांशांत खोल वाहिन्या असल्या, की रोपण नाकारले जाण्याचा धोका बराच वाढतो.

म्हणूनच माझ्या मते या वाहिन्यांच्या तपासणीची खरी कसोटी एका चित्राच्या देखणेपणात नाही, ते चित्र पुनःपुन्हा घेता येण्यात आहे. फ्लुओरेसीन किंवा इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून टोचून उत्तम चित्र मिळते, पण मळमळ होते, क्वचित गंभीर ॲलर्जी येते. दर काही आठवड्यांनी कोणाला असे टोचत राहणार? ओसीटी अँजिओग्राफी सुईशिवाय काम करते. अवरक्त प्रकाशाने एकाच जागेची क्षणाक्षणाला अनेक चित्रे घेतली, की स्थिर ऊती तशीच राहते, वाहत्या रक्तपेशींमुळे मात्र चित्रात फरक पडतो. त्या फरकांचा नकाशा म्हणजेच वाहिन्यांचा नकाशा. डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी घडवलेले हे तंत्र पुढच्या भागावर वापरायला जोडभिंग लागते.

मग स्लिट लॅम्प या डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावरचा साधा फोटो का पुरत नाही, असा प्रश्न कोणी विचारील. वाहिनी पांढऱ्या व्रणाखाली असेल तर फोटोत ती हरवते, आणि खोली तर कळतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्लुओरेसीन वाहिनीतून पाझरते आणि नवी, कच्ची वाहिनी कुठे आहे ते सांगते. ओसीटी अँजिओग्राफीत पाझर दिसत नाही. शिवाय फार मंद प्रवाह यंत्राच्या नजरेतून सुटतो, डोळा हलला की खोट्या रेषा उमटतात. हे सारे मान्य. दाह शमल्यावर रिकाम्या झालेल्या वाहिन्या पुन्हा भरू शकतात, त्यामुळे नकाशात वाहिनी नाही म्हणजे ती नष्ट झाली, असे समजणे धोक्याचे ठरेल. पण यातून निघते ते एवढेच, की पाझराबद्दल शंका असेल तेव्हा रंगद्रव्य वापरावे. व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबचे इंजेक्शन दिल्यावर वाहिन्यांचे क्षेत्र किती आक्रसले हे पाहायला मात्र दर भेटीत तेच यंत्र, तीच चौकट, तीच जागा ठेवून सुईविना नकाशा काढावा.