रक्तरसातील प्रथिने व तापमान

रक्त साखळल्यानंतर गुठळीपासून वेगळ्या होणाऱ्या फिकट पिवळ्या द्रवाला रक्तरस म्हणतात. त्याच्या दर १०० मिलि. मध्ये सु. ६ ते ८ ग्रॅ. प्रथिने असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक अल्ब्युमीन व बाकीची बहुतांशी ग्लोब्युलिने असतात. प्रथिनाच्या रेणूची विशिष्ट घडी दुर्बल बंधांनी टिकलेली असते. उष्णतेने हे बंध तुटले की साखळी उलगडते, रेणू परस्परांना चिकटतात व द्रव गढूळ होऊन अखेर थिजतो. अंड्यातील पांढरा बलक शिजताना हेच घडते.

सर्व प्रथिने एकाच तापमानास बिघडत नाहीत. रक्तरस ५६° से. ला अर्धा तास ठेवल्यास त्यातील पूरक हा घटक निष्क्रिय होतो. प्रतिपिंडे बहुतांशी शाबूत राहतात. झ्यूल बॉर्दे यांनी १८९५ मध्ये पटकीच्या जंतूंवरील प्रयोगांत असे दाखविले की, तापविल्याने जंतुनाशक शक्ती गमावलेल्या प्रतिरक्षित रक्तरसात न तापविलेला साधा रक्तरस थोडासा मिसळल्यास ती शक्ती परत येते. अल्ब्युमीन याहून काटक आहे. योग्य स्थिरकारी द्रव्ये घातल्यास त्याचा विद्राव ६०° से. ला १० तास तापविता येतो व त्यामुळे काविळीच्या व्हायरसांचा धोका टळतो.

थंडीचा परिणाम कमी परिचित, पण रुग्णाच्या दृष्टीने अधिक घातक ठरू शकतो. काही व्यक्तींच्या रक्तरसातील ग्लोब्युलिने ३७° से. खाली साक्याच्या रूपात वेगळी होतात व ऊब मिळताच पुन्हा विरघळतात. विंट्रोब व ब्यूएल यांनी १९३३ मध्ये बहुविध मज्जार्बुदाच्या रुग्णात ही घटना नोंदविली. लर्नर व वॉटसन यांनी १९४७ मध्ये या प्रथिनांना ‘क्रायोग्लोब्युलिने’ (शीतग्लोब्युलिने) हे नाव दिले. त्यांच्यामुळे बोटे, कान यांतील सूक्ष्म वाहिन्या तुंबतात. पायांवर जांभळे ठिपके, सांधेदुखी व वृक्कविकार उद्‌भवतात. सी प्रकारच्या यकृतशोथाचा व्हायरस १९८९ मध्ये ओळखला गेल्यावर, मिश्र प्रकारच्या अनेक रुग्णांत मूळ कारण तोच असल्याचे उघड झाले.

परीक्षेसाठी रक्त आधी कोमट केलेल्या सिरिंजने काढून ३७° से. लाच साखळू देतात. गुठळी उबेतच वेगळी करून रक्तरस ४° से. ला सात दिवसांपर्यंत ठेवतात. नमुना लगेच शीतकपाटात ठेवण्याची एरवी स्तुत्य असलेली सवय येथे नडते. प्रथिन गुठळीबरोबरच खाली बसते, रक्तरसात काही सापडत नाही आणि रोग असूनही अहवाल निर्दोष येतो.