दूध फाटलं? कढई ठेवा!

उन्हाळ्यात पिशोरला दूध तापवायला उशीर झाला की पातेलं दगा देतंच. हळहळू नका. वास बिघडलेला नसेल, तर खमंग खाऊचं अर्धं काम झालंय. चीज बॉलसाठी संभाजीनगर गाठायचं कारण नाही.

आणि हा खाऊ नवा म्हणाल, तर मुळीच नाही! कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११३०च्या सुमारास, ‘क्षीरप्रकार’ नावाचा पदार्थ आहे. दूध नासवायचं, पाणी गाळायचं, चोथ्यात तांदळाचं पीठ मळायचं, आकार द्यायचे, तुपात तळायचं आणि वरून साखर. ही कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठवाड्याला अगदी खेटून. आपला मुलूखही तेव्हा याच चालुक्यांच्या राज्यात होता. पॅरिसमधल्या एका गृहस्थानं चीजच्या कांड्या पिठात बुडवून तळायची कृती लिहिली ती १३९३च्या आसपास, म्हणजे क्षीरप्रकारानंतर अडीच शतकांहून अधिक काळानं. मला तर याचा फार अभिमान वाटतो.

मोझरेला चीज तापलं की तार सुटते, फाटलेल्या दुधाचं पनीर मात्र उकळत्या तेलातही चौकोनी ते चौकोनीच. असं का? लिंबू पिळलं की दुधातल्या प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम बरंचसं पाण्यात उतरतं. मग ती प्रथिनं एकमेकांना अशी बिलगतात की आचेनं सुटत नाहीत. मोझरेलात कॅल्शियम पुरेसं उरतं, म्हणून ते ताणलं जातं. थोडक्यात, तळणीसाठी पनीर हा भरवशाचा गडी. सायप्रसचं हलूमी चीजही असंच न वितळता तव्यावर लालसर होतं.

म्हशीचं दूध असेल तर सोन्याहून पिवळं. एक लिटरला साधारण २०० ग्रॅम पनीर पडतं, गाईच्या दुधाचं दीडशेच्या आसपास. इटलीतलं नावाजलेलं मोझरेलासुद्धा म्हशीच्याच दुधाचं!

पिशोरच्या आसपास मका आणि आलं मुबलक, तेव्हा गोळे इथल्याच चवीचे होऊ द्या. पनीर हातानं कुस्करा, एक उकडलेला बटाटा, वाफवलेले मक्याचे दाणे, किसलेलं आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. वितळणारी तार हवीच असेल तर प्रत्येक गोळ्याच्या पोटात चीजचा छोटा तुकडा दडवा आणि गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. थंड गोळ्यातलं चीज उशिरा वितळतं, तोवर बाहेरचं कवच घट्ट झालेलं असतं. मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा. चुरा नसेल तर जाडसर तांदळाचं पीठ चालतं, आणि कुरकुरीतपणात ते कुठंच कमी पडत नाही.

तेलाची परीक्षा सोपी. पिठाचा थेंब टाकला की तो लगेच वर यायला हवा, म्हणजे १७५ ते १८० अंश. तळताना दिसणारे बुडबुडे तेलाचे नसतात, ती आतल्या पाण्याची वाफ असते. ती जोरानं बाहेर येते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. म्हणून एका वेळी चार-पाचच गोळे सोडा. कढई भरली की तेल थंडावतं, वाफेचा जोर ओसरतो आणि गोळे तेलकट होतात. बुडबुडे मंदावले की झारा घाला.

पाकिटातलं चीज आणणार असाल तर हिरवा ठिपका पाहून घ्या. परंपरेनं चीजचं विरजण वासराच्या जठरातून येई, हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं.

आणि पनीर गाळून उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात कणीक मळा, पोळ्या मऊसूत होतात.